भिंतीला टेकून बसलेली मावशी

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका बालवाडीत मी नुकतीच लागले होते, तेव्हाची गोष्ट. रंगकाम चालू होतं. एक मुलगा सारखा माझ्याजवळ येऊन 'नीळ्ळु, नीळ्ळु' म्हणत होता. मी त्याला निळा खडू दिला. त्यानं खडूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, 'नीळ्ळु.' मला वाटलं, गडद निळा हवा असेल, म्हणून दुसरा दिला. आता त्याचा ओठ बाहेर आला. मागच्या भिंतीला टेकून मटकी निवडत बसलेल्या मावशी तिथूनच म्हणाल्या, "बाई, पाणी मागतंय की ते लेकरू."

तेलुगूत पाण्याला नीळ्ळु म्हणतात. डी.एड.च्या दोन वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बालमानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, पण माझ्या वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरांतली असणार, हे त्या पेपरात नव्हतं. मावशींना ते जन्मापासून ठाऊक होतं, कारण त्यांच्याही घरची भाषा तीच. पगारपत्रकावर शिक्षिका मी होते. त्या दहा मिनिटांत शिक्षिकेचं काम मात्र त्यांनी केलं, आणि तेही मटकीचं सूप मांडीवरून न उतरवता.

ही पुस्तिका त्या मावशींसारख्या बायकांसाठी आहे. वर्गात शिक्षिकेच्या जोडीनं जी उभी असते, मुलांना बाथरूमला नेते, डबे उघडून देते, रडणाऱ्याला कडेवर घेते, पाटी पुसते, मागं राहिलेल्याच्या शेजारी बसते, तिच्यासाठी. तिला नावं पुष्कळ. अंगणवाडीत ती मदतनीस, खाजगी नर्सरीत मावशी, वय कमी असेल तर ताई, विशेष गरजा असलेल्या एकाच मुलासाठी ठेवलेली असेल तर 'शॅडो टीचर'. अमेरिकेत या कामाला पॅराएज्युकेटर म्हणतात. ग्रीकमध्ये 'पॅरा' म्हणजे शेजारी, बाजूला. मला मराठीत 'जोडीची' हा शब्द आवडतो, पण तो चालेल असं वाटत नाही. मुलं 'मावशी'च म्हणणार, म्हणून पुस्तिकेतही मावशीच ठेवलंय.

मी आता जुळे सोलापुरात राहते. आसरा पूल ओलांडून अलीकडे आलं की जुनं गाव मागं पडतं आणि बंगले, अपार्टमेंट, रुंद रस्ते लागतात. दर दोन-चार गल्ल्यांआड इंग्रजी नावाची एक नर्सरी, भिंतीवर कार्टून, दारात रंगवलेलं टायर. शिक्षिका बहुधा याच वसाहतीतल्या. मावश्या येतात त्या नई जिंदगीकडून नाहीतर विजापूर रोडच्या आतल्या वस्त्यांमधून. कुणाची भाषा कन्नड, कुणाची दख्खनी उर्दू, कुणाची तेलुगू. त्यांतल्या काही जणी शनिवारी दुपारी माझ्या हॉलमध्ये जमायला लागल्या, त्यालाही आता बरेच दिवस झाले. आधी चहा, मग बोलणं, मग हळूहळू वह्या. त्या वह्यांतूनच हे पाठ तयार झाले. गावाच्या नावातच 'जुळं' आहे, म्हणून एक गोष्ट इथंच सांगून टाकते. जुळ्या भावंडांत एकालाच शाळेत घातलं तर लोक नावं ठेवतात. वर्गातल्या या जोडीत एकीलाच शिकवतात, त्याला मात्र कुणी काही म्हणत नाही.

असं नेहमीच नव्हतं. महाराष्ट्रातलं बालशिक्षण ज्या बायकांनी उभं केलं, त्यांनी कामाची अशी उतरंड लावली नव्हती. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि आज देशभर चालणारा अंगणवाडी हा शब्द त्यातून निघाला. अनुताई वाघ तिथं ताराबाईंच्या हाताखाली काम करायला आल्या. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं आणि ताराबाईंच्या नंतर तेच काम अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत चालवलं. कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. लहान मुलाचं नाक पुसणं हे हलकं काम आणि गोष्ट सांगणं हे वरचं काम, अशी वाटणी अशा ठिकाणी टिकतच नाही. मूल एकच असतं, आणि गोष्ट ऐकताना त्याचं नाक वाहतच असतं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली. तिच्यात अंगणवाडीला दोन माणसं मिळाली, सेविका आणि मदतनीस. हा निर्णय शहाणपणाचा होता. पण दोघींच्या मध्ये रेघही तेव्हाच पडली. जुन्या प्रशिक्षण पद्धतीत सेविकेला सुरुवातीचे २६ कामाचे दिवस मिळत आणि मदतनिसाला ५. त्या पाच दिवसांत स्वच्छता, स्वयंपाक, साठवण, मुलांना घरून आणणं. मुलाशी बोलायचं कसं, याला फारसा वेळ उरत नसे. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं आपल्या वाट्याचं मानधन वाढवलं, ते सेविकेला ४,५०० आणि मदतनिसाला २,२५० रुपये झालं. बरोब्बर निम्मं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला. त्या तरतुदीत मदतनीस नाही.

तरी दारं थोडी उघडली आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ च्या निकालात सेविका आणि मदतनीस दोघींनाही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं ठरवलं. पाच वर्षं काम केलेल्या मदतनिसांमधून सेविकांची निम्मी पदं भरायची, असं केंद्राच्या नव्या मार्गदर्शक सूचना सांगतात. महाराष्ट्रात २०२३ पासून मदतनिसासाठीही बारावीची अट आली. म्हणजे आज भिंतीला टेकून बसलेली उद्या फळ्यापाशी उभी राहणार आहे. मधल्या पाच वर्षांत तिनं काय शिकायचं, हे मात्र कुणी लिहून ठेवलेलं नाही.

शिकवलं तर काय होतं, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. मुंबईत 'प्रथम' या संस्थेनं बालसखी नावाची योजना चालवली. वस्तीतलीच शाळा शिकलेली तरुण मुलगी, तिला सुरुवातीला दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, आणि मग रोज शाळेच्या वेळातले दोन तास. तिसरी-चौथीतली, अक्षरओळखीत आणि आकड्यांत मागं पडलेली पंधरा-वीस मुलं तिच्याकडे. मुंबई आणि बडोद्यातल्या या कामाची पाहणी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. (या दोघांना पुढं, २०१९ मध्ये, मायकेल क्रेमर यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) मुलांचं शिकणं स्पष्ट वाढलं होतं, आणि सगळ्यात मागं असलेल्यांचं जास्त. त्यातलं मला सगळ्यात बोलकं वाटलेलं निरीक्षण वेगळंच आहे. ही मुलं बालसखीकडे गेली म्हणून मूळ वर्गात गर्दी कमी झाली, पण तिथं उरलेल्या मुलांना त्याचा फारसा फायदा झाला नाही. म्हणजे वर्ग लहान झाला हे कारण नव्हतं. बालसखीनं शिकवलं, हे कारण होतं. वर्षभरानंतर हा फायदा बराच ओसरला, हेही त्याच पाहणीत आहे. दोन आठवड्यांच्या तयारीनं जे होतं ते होतं, पुढं रोजची साथ लागते.

आता उलट बाजू. ती मी लपवणार नाही, कारण पुस्तिकेचा निम्मा भाग तिच्यावरच उभा आहे. इंग्लंडमध्ये २००३ नंतर वर्गातल्या मदतनिसांची संख्या खूप वाढली. लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधल्या पीटर ब्लॅचफोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरीच वर्षं वर्गांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले आणि सगळे गोंधळले. ज्या मुलांना मदतनिसाची साथ जास्त मिळाली होती, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली होती. मूल मुळातच मागं होतं म्हणून असं झालं असेल, ही शंकाही त्यांनी तपासली. तरी चित्र बदललं नाही. दोष मदतनिसांचा नव्हता. त्यांना शिक्षिकेबरोबर बसून आखणी करायला वेळच मिळत नव्हता. मदतनिसाबरोबर काम कसं करायचं, हे बहुतेक शिक्षकांना कुणी शिकवलंच नव्हतं. आणि मदतनिसांचं सगळं लक्ष मुलाचं काम पूर्ण करून देण्याकडे होतं, मूल समजून घेतंय की नाही इकडे नव्हतं. अवघड मूल मदतनिसाकडे सोपवलं की शिक्षिका त्याच्याकडे बघेनाशी होते. ज्याला सगळ्यात निष्णात हातांची गरज, त्याला सगळ्यात कमी शिकवलेले हात मिळतात. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठाचे मायकेल जियानग्रेको यांनी १९९७ मध्येच हा इशारा दिला होता. विशेष मुलाला मोठं माणूस सतत चिकटून बसलं, की वर्गातली बाकीची मुलं त्याच्याजवळ येत नाहीत.

हे वाचलं तेव्हा मला एकदम एक डबा आठवला. आमच्या शनिवारच्या वर्गातली एक मावशी हुशार, हाताची चपळ. मधल्या सुट्टीत बारा डबे ती तीन मिनिटांत उघडायची. मी विचारलं, "मुलांना का उघडू देत नाही?" ती म्हणाली, "मी उघडलं तर लवकर होतंय ना बाई. न्हाई तर सुट्टी संपती, डबा संपंना. मग आई विचारती." बरोबर आहे तिचं. तिला जाब विचारला जातो तो डबा संपला का याचा. झाकण उघडायला मूल शिकलं का, हे तिला कुणी कधी विचारलेलं नाही. जे विचारतात तेच माणूस करतं.

म्हणून पुस्तिकेतला पहिला पाठ हात मागं घेण्याचा आहे. मूल बटण लावतंय, लागत नाहीये, तर मनात दहा आकडे मोजायचे. मग 'आता काय करायचं?' एवढंच विचारायचं. तरी नाही झालं तर पहिली पायरी आपण करायची आणि शेवटची मुलाला ठेवायची, म्हणजे 'मी केलं' असं त्याला म्हणता येतं. मुलाच्या चित्रातल्या हत्तीची सोंड आपण काढून द्यायची नाही. बसायचं ते मुलाला खेटून नाही, थोडं मागं आणि बाजूला, म्हणजे शेजारच्या मुलाला त्याच्याशी बोलता येईल. हे दहा आकडे मोजणं आमच्या वर्गात सगळ्यांना जड गेलं. सहाव्या आकड्याला हात पुढं जातोच. माझाही जातो.

दुसरा मोठा पाठ फीट आल्यावर काय करायचं याचा आहे. तो मी मुद्दाम लांब लिहिलाय, कारण इथं चूक महागात पडते. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा एकजात सगळ्यांनी कांदा किंवा चप्पल हुंगवायला सांगितलं, आणि एकीनं दातांत चमचा घालायला. यातलं काहीही करायचं नाही. मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली ओढणी किंवा रुमाल, गळ्याजवळचं बटण सैल, आजूबाजूची बाकं दूर. तोंडात काही घालायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबलं नाही तर रुग्णवाहिकेसाठी १०८. घड्याळ बघायचं हे कुणालाच सुचत नाही, आणि डॉक्टर सगळ्यात आधी विचारतात ते तेच.

बाथरूमचा पाठ वाचायला अवघड वाटेल. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर शाळेतल्या शिक्षकेतर माणसांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. चारित्र्य पडताळणी आली, सीसीटीव्ही आले, समित्या आल्या. हे हवंच होतं. पण कॅमेरा बाथरूममध्ये बसवत नाहीत, तिथं मावशीच असते. मुलाच्या अंगाला हात लावण्याआधी सांगायचं कसं, दार किती उघडं ठेवायचं, तीन वर्षांच्या मुलाला स्वतःचं स्वतः धुवायला कसं शिकवायचं, हे तिला ठाऊक असलं पाहिजे. शिवाय मूल एखादी वाईट गोष्ट सांगतं ती बहुधा तिलाच, कारण कपडे बदलताना समोर तीच असते. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असं काही कळलं तर पोलिसांना कळवणं सगळ्यांवर बंधनकारक आहे, मावशीवरही. मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक पाठाखाली छापलाय, तो याचसाठी. मात्र त्या मुलाबद्दल गल्लीत, नळावर, रिक्षात एक शब्दही नाही. हा नियम शिकवताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि हा नियम फक्त मावश्यांना लागू आहे असं नाही. शाळांच्या स्टाफरूममध्ये मी काय काय ऐकलंय ते मलाच माहीत.

विशेष मुलांच्या 'शॅडो'बद्दल थोडंच लिहिलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येकासाठी वेगळं शिक्षण लागतं. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागं एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. प्रत्यक्षात आमच्याकडे बऱ्याचदा पालकच पदरचे पैसे घालून कुणाला तरी मुलाशेजारी बसवतात. बसणारीला विशेष शिक्षकाचं मार्गदर्शन मिळालं नाही, तर ती त्या मुलाची राखणदार होऊन बसते. हा विषय माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. तो जाणकारांनी लिहावा.

शेवटचे दोन पाठ मावशीसाठी नाहीत, बाईंसाठी आहेत. ते वाचून काही शिक्षिका रागावल्या आहेत. त्यांत एवढंच म्हटलंय की रोज सकाळी पाच मिनिटं मावशीला सांगायचं, आज काय करणार आहोत, कुणाकडे बघायचंय आणि कुणाला मदत करायची नाही. आणि दुपारी दोन मिनिटं तिला विचारायचं, तुम्हाला काय दिसलं? बाईंना वर्ग दिसतो, मावशीला मूल दिसतं. कुणाचा डबा तीन दिवस तसाच जातोय, कोण सारखं पोट धरतंय, कुणाची आई रात्रपाळीला जायला लागली, हे तिला आधी कळतं.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तेव्हा सोलापूर जिल्ह्यात पेढे वाटले गेले. मीही खाल्ले. त्यांनी बक्षिसाची अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, त्याचं कौतुक झालं. त्यांच्या कामातली मला भावलेली गोष्ट त्याहून साधी आहे. मुलांच्या घरची भाषा कन्नड होती, म्हणून गुरुजी ती शिकले आणि पुस्तकं त्या भाषेत आणली. शिक्षकानं मुलाची भाषा शिकणं ही जगानं दखल घ्यावी अशी गोष्ट ठरली, आणि ठरायलाच हवी. पण तीच भाषा घरून घेऊन येणारी बाई आमच्या प्रत्येक वर्गात मागच्या भिंतीशी बसलेली असते, आणि तिला काय येतं असं विचारलं तर शाळा सांगते, स्वच्छता. पूर्व भागात तेलुगू, विजापूर रोडकडे कन्नड, नई जिंदगीत उर्दू. महापालिकेनं या भाषांच्या शाळा चालवल्या. जुळे सोलापुरातल्या इंग्रजी नर्सरीत या सगळ्या भाषा एका खोलीत येतात आणि तिथं त्यांची जाणकार एकच असते. मावशीच्या कामाच्या यादीत 'भाषा' हा शब्द पहिल्यांदा आम्ही लिहिलाय. शाळांनी तो उचलावा, एवढी विनंती.

आणि दुसरी विनंती पैशाची. प्रशिक्षण ठेवतात ते सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी, आणि कुणी आली नाही की म्हणतात, 'यांना शिकायचंच नसतं.' ज्या बाईला महिन्याकाठी तुटपुंजं मिळतं, तिचा रविवार हा धुण्याचा, दळणाचा आणि कधी विड्या वळण्याचा दिवस असतो. शिकण्याचा वेळ कामाच्या वेळातच धरला पाहिजे आणि त्याचे पैसे दिले पाहिजेत. आमच्या शनिवारच्या वर्गात ते जमलेलं नाही, मी फक्त चहा देऊ शकते. ही या वर्गाची उणीव आहे आणि ती मला मान्य आहे.

पुस्तिका मोठ्या टायपात छापलीय, चित्रं जास्त, वाक्यं छोटी. जिला वाचता येत नाही तिला दुसरीनं वाचून दाखवावं, आमच्याकडे तसंच चालतं. मागची आठ पानं कोरी आहेत. तिथं मावश्यांनी आपल्या वर्गातल्या मुलांचे शब्द लिहावेत: पाण्याला काय म्हणतात, दुखतंय याला काय, आई कुठंय याला काय. पहिल्या ओळीत मी 'नीळ्ळु' लिहून ठेवलंय.

ज्यांना यायचंय त्यांनी यावं, शिक्षिकांनीही. वर्ग दर शनिवारी दुपारी तीनला असतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, आणि शनिवार नेमका पाण्याचा दिवस निघाला तर चारला.

जुळे सोलापूर